ओढ्याची रुंदी

दांडेकर पुलावर उभं राहून मी एका रिक्षावाल्या काकांना विचारलं, "आंबील ओढा तो हाच ना?" त्यांनी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं, जणू गेल्या आठवड्यात कुणी तो बदलून तर ठेवला नाही ना. "ओढा कुठला? नाला आहे हा." रिक्षा सुरू करता करता त्यांना आठवलं. "पूर आला होता तो आंबील ओढ्याला. तो... हां, हाच की."

पुण्यात या पाण्याला अशी दोन नावं आहेत. एरवी तो नाला. नाक दाबून ओलांडायचा, घराचा पत्ता सांगताना ज्याचं नाव टाळायचं असा. पूर आला की दुसऱ्या दिवशी पेपरात तो ओढा होतो. मग आठ-पंधरा दिवस सगळे त्याला ओढाच म्हणतात, चिखल वाळला की पुन्हा नाला. मला या नावबदलाचं कुतूहल आहे. ओढ्याला काठ असतो, उगम असतो, पावसाळ्यात तो फुगतो हे गृहीत असतं. नाल्याकडून आपली एकच अपेक्षा असते, त्याने आपलं सांडपाणी गुपचूप वाहून न्यावं. फुगण्याची परवानगी नाल्याला नसते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या बुधवारी रात्री तो फुगला.

पितृपंधरवडा संपत आला होता आणि घटस्थापना चार दिवसांवर होती. विधानसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागलेली. त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेत नव्हता. ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडून झालं होतं, आणि देशातून मोसमी पावसाचा परतीचा प्रवास सुरू व्हायला ९ ऑक्टोबर उजाडायचा होता. जमीन पाण्याने तुडुंब, कात्रजचे तलाव भरलेले. अशा वेळी संध्याकाळपासून शहराच्या दक्षिणेला पाऊस कोसळू लागला आणि मध्यरात्रीच्या सुमाराला कात्रज, बालाजीनगर, पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, मित्रमंडळ चौक, दांडेकर पूल अशी सगळी माळ एकाच लोंढ्यात सापडली. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळली आणि माणसं गेली. त्याच रात्री डोंगराच्या पलीकडे खेड शिवापूरला दर्ग्यात झोपलेली माणसं वाहून गेली. शहर-जिल्हा मिळून वीसहून अधिक बळी. सकाळी शाळांना सुट्टी होती आणि रस्त्यांवर मोटारी एकमेकींवर चढून बसल्या होत्या.

त्या रात्रीबद्दल ओढ्याकाठच्या घरांमधून जे ऐकायला मिळतं, त्यात एक गोष्ट फिरून फिरून येते. पाऊस नाही, अंधार नाही, दार. दार उघडेना. आधी उंबऱ्याखालून पाणी आलं, बायकांनी पोती आणि जुन्या साड्यांचे बोळे लावले, फरशी पुसायला घेतली. मग मोरीच्या भोकातून पाणी उलटं वर आलं. तेव्हा कुठे बाहेर पडायचं ठरलं, तर दार जागचं हलत नव्हतं.

याचा हिशेब सातवी-आठवीच्या विज्ञानातला आहे. बाहेर उघडणारं तीन फुटी दार आणि त्याला टेकलेलं मीटरभर पाणी, म्हणजे दारावर साधारण साडेचारशे किलोचा दाब. तो खांद्याने ढकलणारा माणूस घरात नसतो. आणि दार आत उघडणारं असेल तर उलटी गंमत: कडी काढली की दार तुम्हाला घेऊन भिंतीवर आपटतं. त्यात फ्रीज. फ्रीज बुडत नाही, तरंगतो, हे त्या रात्री अनेकांना पहिल्यांदा कळलं. तो आडवा होतो, खोलीभर हिंडतो आणि नेमका दाराच्या तोंडाशी जाऊन अडकतो. दहा बाय दहाच्या खोलीत फ्रीज दारात अडकला की खोलीला दार उरत नाही.

सीमाभिंतीचंही असंच. सोसायटीची सीमाभिंत नऊ इंची विटांची असते. तिचं काम कुत्री, गुरं आणि शेजारच्या वस्तीतली पोरं अडवणं. दोन मीटर पाणी मागे साचलं की भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर जवळजवळ दोन टनांचा रेटा येतो. भिंत थोडा वेळ धरते, आणि धरते हाच घात. तोवर ती नकळत धरण झालेली असते. ती पडते तेव्हा मागचं सगळं पाणी एकदम सुटतं आणि पुढच्या भिंतीवर जातं. आंबील ओढ्याच्या काठाने अशा भिंतींची रांगच्या रांग होती. "पाणी वाढत वाढत आलं नाही, एकदम आलं" असं लोक सांगतात ते यामुळे. वर आभाळ फुटलंच असं नाही. खाली भिंती फुटत होत्या.

आभाळाचा हिशेबही करू. हवामान खातं ढगफुटी म्हणतं ती तासाला १०० मिलिमीटर पावसाला. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यामुळे मुंबईकर नुसतं "सव्वीस जुलै" म्हणतात आणि पुढे काही सांगावं लागत नाही. पण त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३-७४ मिलिमीटर झाला होता, हे मला त्या ९४४ इतकंच महत्त्वाचं वाटतं. एकच शहर, अंतर पंचवीसेक किलोमीटर. पुण्यातही शहराचा पाऊस म्हणून जो आकडा सांगितला जातो तो शिवाजीनगरच्या वेधशाळेचा. ओढा मात्र शिवाजीनगरला उगम पावत नाही. तो कात्रजच्या डोंगरात उगम पावतो, आणि शिवाजीनगरला भुरभुर असताना डोंगरावर काय चाललंय हे फक्त ओढ्यालाच ठाऊक असतं.

शंभर मिलिमीटर हा आकडा ऐकायला काहीच नाही. हाताच्या चार बोटांची रुंदी. पण दहा चौरस किलोमीटर डोंगरउतारावर तो पडला की १०० कोटी लिटर पाणी होतं. पूर्वी यातलं बरंचसं गवतात, मुरमात, बांधाबांधांवर रेंगाळायचं, जिरायचं, आणि उरलेलं उद्या-परवापर्यंत खाली यायचं. आता उतारावर डांबर, काँक्रीट, पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक. पाणी तेवढंच, पण सगळ्याला एकदम घाई. सेकंदाला तीन मीटर वेग धरला तर डोंगरापासून मुठा नदीपर्यंतचे दहाएक किलोमीटर काटायला त्याला तासही लागत नाही. तासाभरात पुण्यातलं कुठलं ऑफिस कुठल्या ऑफिसला फोन करून काय कळवेल, हे ज्याने त्याने आपल्या अनुभवाने ठरवावं.

या ओढ्याचा पूर्वेतिहास मोठा आहे. जुनं कसबे पुणे वसलं ते दोन ओढ्यांमध्ये: पूर्वेला नागझरी, पश्चिमेला आंबील ओढा. गावाची हद्दच ती. अठराव्या शतकात पेठा वाढू लागल्या तेव्हा पश्चिमेचा ओढा मधे येऊ लागला, पावसाळ्यात वस्तीत शिरू लागला. नानासाहेब पेशव्यांनी दोन कामं केली. वर कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी दगडी नळातून, मधे मधे हवेसाठी उच्छ्वास ठेवून, केवळ उताराच्या जोरावर शनिवारवाड्यापर्यंत आणि शहराच्या हौदांपर्यंत आणलं. आणि खाली पर्वतीच्या पायथ्याशी ओढ्याला बांध घालून तळं केलं, ओढ्याचं तोंड पश्चिमेकडे वळवून तो आजच्या दांडेकर पूल-दत्तवाडीच्या बाजूने मुठेत सोडला. ते तळं म्हणजे आजची सारसबाग. तळं गेलं, तळ्यातला गणपती राहिला; रोज हजारो लोक जिथे चप्पल काढून रांगेत उभे राहतात तो ओढ्याच्या पाण्याचा तळ आहे, याची कुणाला आठवण असण्याचं कारण नाही.

पेशव्यांच्या या कामाचं कौतुक पुण्यात नेहमी होतं, आणि ते रास्तही आहे. पण मला त्यातली वेगळी बाब मोलाची वाटते. ओढा हलवताना त्याला पाय पसरायला तळं दिलं होतं. एवढं पाणी एकदम आलं तर ते थांबेल कुठे, हा प्रश्न कुणाच्या तरी डोक्यात होता. आपण ओढे हलवतो तेव्हा फक्त नकाशावरची रेघ हलवतो. दुसरी बाजूही सांगायला हवी. पेठांचा धोका वळवून जिथे नेला ती तेव्हा गावाबाहेरची मोकळी जागा होती. पुढे शहर वाढलं, आणि वळवलेल्या ओढ्याच्या काठी कोण येऊन राहिलं? ज्यांना पेठेत जागा परवडली नाही ते. सुरक्षित पेठ आणि बुडणारी वस्ती ही वाटणी कुणी मुद्दाम केली नाही. पण झाली ती अशी.

पुण्याच्या जुन्या माणसांना पूर म्हटलं की वेगळंच आठवतं. १२ जुलै १९६१, पानशेत. माझी आत्या "ते पानशेतच्या आधीचं" किंवा "पानशेतनंतरचं" असंच बोलायची, शकाऐवजी. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या पाण्याने खडकवासल्याचं फुटलं आणि नदीकाठच्या पेठा गेल्या. त्या पूरग्रस्तांच्या सहकारी सोसायट्या नंतर पर्वती-सहकारनगर भागात उभ्या राहिल्या. नदीपासून लांब, उंचावर, आता पुन्हा म्हणून पाणी यायला नको, अशा जागी. बैठी घरं, पुढे अंगण, आंब्याचं नाहीतर नारळाचं झाड. २०१९ ला त्याच भागाच्या सखल गल्ल्यांमध्ये ओढा शिरला. नदीला घाबरून आलेल्यांच्या मागच्या अंगणातून ओढा वाहत होता, आणि ओढ्याला घाबरायचं असतं हे पानशेतने शिकवलं नव्हतं. पानशेतने धरणाला घाबरायला शिकवलं. आजही जोराचा पाऊस झाला की पुणेकर आधी खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं ते पाहतो.

मी ओढा वरून खाली चालत आलो. पूर्ण नाही, मधे मधे तो सोसायट्यांच्या मागे दडतो आणि वॉचमन आत सोडत नाहीत. सुरुवात बरी आहे. कात्रजच्या खालच्या तलावाकाठी प्राणिसंग्रहालय आहे, सुट्टीच्या दिवशी पोरांचा गलका असतो. तलाव सुंदर दिसतो. पण तलाव पूर अडवतो तो त्यात रिकामी जागा असेल तेवढाच. गाळाने उथळ झालेला आणि सप्टेंबरअखेर काठोकाठ भरलेला तलाव हा पुराच्या दृष्टीने पाण्याने भरलेली बादली. वरून तांब्या ओता, तांब्याच खाली सांडणार.

डोंगराकडे पाहिलं की उतारावर लाल जखमा दिसतात. टेकडीफोड हा शब्द पुण्याच्या पेपरांत इतका नेहमीचा झालाय की त्याचा आवाज येईनासा झाला. २०१३ च्या जूनमध्ये नव्या कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीला डोंगरातून आलेल्या लोंढ्यात एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेली. तेव्हाही फोडलेल्या डोंगराची आणि बुजवलेल्या ओघळींची चर्चा झाली होती. ते पाणी डोंगराच्या दक्षिण अंगाचं. उत्तर अंगाला पुणे आहे.

खाली येताना ओढ्याच्या काठाला राडारोडा भेटायला लागतो. पाडलेल्या बाथरूमच्या टाइल्स, विटा, प्लास्टर. हे ट्रक-टेम्पोने रात्री येऊन पडतं. एका खेपेत काही बिघडत नाही. वीस खेपांत काठ हातभर पुढे येतो, पन्नास खेपांत तिथे सपाट जागा होते. मग तिथे आधी पत्र्याची शेड उभी राहते, मग गाड्या लागतात, मग एक दिवस पक्की भिंत येते आणि भिंतीवर सोसायटीचं नाव. ओढा चोरायला दरोडा घालावा लागत नाही, घमेल्याघमेल्याने भागतं.

सगळ्यात चमत्कारिक आहेत ते चेंबर. सांडपाण्याची लाइन टाकायला उताराची, आयती, मोकळी जागा कुठली? ओढ्याचं पात्र. तेव्हा ड्रेनेजची लाइन पात्रातूनच गेली आणि तिचे काँक्रीटचे गोल चेंबर पात्राच्या मधोमध पुरुषभर उंचीचे उभे राहिले. अरण्येश्वरच्या बाजूला मी एका चेंबरपाशी बराच वेळ थांबलो. त्याच्या वरच्या अंगाला एक ओढणी गुंडाळली गेली होती, ओढणीत फांद्या अडकलेल्या, फांद्यांत प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत निर्माल्य, आणि निर्माल्यात अर्धा नारळ. उन्हाळ्याचे दिवस, पाणी घोट्याएवढं. तरी त्या मोळीमागे वीतभर पाणी तुंबलं होतं आणि बाजूने खळखळत वाट काढत होतं. एका ओढणीने वीतभर. पावसाळ्यात आख्खी झाडं येतात.

त्यातल्या त्यात अरुंद जागा म्हणजे रस्त्याखालचे कल्व्हर्ट. रस्ता दर काही वर्षांनी डांबर चढवून आणि रुंद होऊन मोठा होतो. त्याच्या खालचं भोक जेव्हा बांधलं तेव्हाचंच. भोकाच्या तोंडाशी झाड आडवं पडलं की ओढा रस्त्यावर येतो, आणि रस्ता हाच ओढा होतो. गाड्या वाहून जातात त्या इथून. दोन फूट पाण्यात मोटार उचलली जाते. दुचाकीला तेवढंही लागत नाही. जाणते लोक "पाणी किती आहे" विचारत नाहीत, "पाण्याला ओढ आहे का" विचारतात.

पुरानंतर काय झालं? भिंती झाल्या. पडल्या त्या जागी आणखी जाड, आणखी उंच. भिंतीला माझा विरोध नाही, जिचं घर दोनदा धुऊन गेलं तिच्यासमोर उभं राहून मी तसं बोलूही शकणार नाही. पण डाव्या काठाला भिंत झाली की पाणी उजव्या काठावर चढतं, आणि दोन्हीकडे झाली की वेग वाढून खालच्या गल्लीत जातं. ज्याची भिंत उंच त्याचा पूर शेजाऱ्याकडे. आणि सोसायटीला भिंत बांधता येते, पत्र्याच्या घरांच्या ओळीला येत नाही.

२४ जून २०२१ ला सकाळी महापालिकेची यंत्रं दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत आली. ओढ्याचा प्रवाह सरळ करायचा, त्याच्या आड येणारी घरं काढायची, असं कारण होतं. करोनाचा काळ, पावसाळ्याचं तोंड. लोकांनी यंत्रांसमोर बसकण मारली, घरं पडली, आणि त्याच दिवशी न्यायालयाने कारवाईला स्थगिती दिली. ओढ्याला जागा मोकळी हवी हे मी आतापर्यंत सांगत आलो, तेव्हा घरं हटवणं मला पटायला हवं. पटलं नाही. पुराच्या नावाने यंत्र निघालं की त्याला आधी पत्र्याची घरंच कशी सापडतात? वरच्या अंगाला पात्रात आलेल्या पार्किंगच्या कोब्यापाशी ते का थांबत नाही? पाणी तर वरून येतं. साफसफाई वरून खाली यायला हवी, हे घर झाडणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

नदीच्या पुराला निदान कागद आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. त्या कुठून काढायच्या यावर भांडणं आहेत, पण भांडायला रेषा तरी आहेत. २०२४ च्या २५ जुलैला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठा शिरली तेव्हा सगळ्यांनी हेच विचारलं: खडकवासल्यातून किती सोडलं, कधी सोडलं, आम्हाला का सांगितलं नाही. विचारायला धरण होतं, दरवाजे होते, आकडा होता. कात्रजच्या डोंगरावर दरवाजा नाही. तिथे पाणी कुणी सोडत नाही, तेव्हा जाबही कुणाला विचारता येत नाही.

दत्तवाडीकडे उतरण्याआधी एका कल्व्हर्टपाशी पोरं क्रिकेट खेळत होती. मागची भिंत म्हणजे यष्टिरक्षक. एकाने उचलून मारला आणि चेंडू भिंतीवरून ओढ्यात गेला. मला वाटलं, खेळ संपला. पण कुणी हळहळलं नाही. दोघं जण रस्ता ओलांडून पलीकडच्या कठड्यावर जाऊन पोटावर पडले आणि खाली पाहत बसले. मी विचारलं, तर त्यातला मोठा म्हणाला, "काका, इथून निघतो ना तो. शंभर मोजायचे." त्यांनी मोजायला सुरुवात केली. मीही त्यांच्यासोबत मनात मोजले.

शंभर झाले, चेंडू आला नाही. "अडकला," धाकटा म्हणाला. दोघं पुन्हा अलीकडे पळाले. मोठा भिंतीच्या फटीतून खाली उतरला. फट त्याच्या मापाची झिजून झिजून झालेली होती. कुणाच्या तरी मांडवाची असावी अशी बांबूची काठी तिथेच ठेवलेली. तिने तो कल्व्हर्टच्या तोंडाशी उपसू लागला. आधी एक चप्पल निघाली, मग दुधाच्या पिशव्यांचा लगदा, मग गादीतला फोम, मग थर्माकोलचं मखर, एका बाजूचं. मागचं काळं पाणी हळूच खाली बसलं आणि बोगद्यात ओढलं गेलं.

"हां, आता जा पलीकडं," त्याने धाकट्याला वर न बघताच सांगितलं. "परत मोज."